नव्या उद्योगांच्या नोंदींवरून कोल्हापूरची आर्थिक नाडी ओळखता येईल का?

करवीरवासी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका कामासाठी शिवाजी उद्यमनगरात गेलो होतो. तिथल्या एका बोळात पत्र्याच्या एकाच शेडवर तीन पाट्या दिसल्या. पहिली वडिलांच्या नावाची, गंजलेली. दुसरी थोरल्या मुलाची. तिसरी सुनेच्या नावाची आणि अगदी कोरी. आत दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मशीनिंगचे यंत्र), एक रेडियल ड्रिल आणि कोपऱ्यात मशीनिंगसाठी आलेल्या कास्टिंगचा ढीग होता. विजेचा मीटर मात्र एकच. तिन्ही नावांवर स्वतंत्र उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असल्याचे त्या कुटुंबाने मोकळेपणाने सांगितले, आणि त्यात नियमबाह्यही काही नाही, कारण पॅन वेगळे आहेत. सरकारी मोजणीत हे तीन उद्योग आहेत आणि त्यांपैकी दोन अलीकडच्या काळात ‘नवे’ म्हणून मोजले गेले आहेत.

हा धागा काढण्याचे कारण त्या तीन पाट्या आहेत. जिल्ह्याची अर्थव्यवस्था वर चालली आहे की खाली, हे आपल्याला फार उशिरा कळते. जिल्हा उत्पन्नाचे अंदाज अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते, पण ते हाती पडेपर्यंत त्या वर्षाची चर्चा संपलेली असते. औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक दरमहा येतो, मात्र तो देशाचा असतो. शिरोलीच्या कारखान्यांत ओव्हरटाइम बंद झाला, तर ते त्यात उमटत नाही. अशा वेळी नवे उद्योग किती सुरू होत आहेत हे तिमाहीला मोजता आले, तर आपल्याला लवकर इशारा देणारे एक साधन मिळेल, असे मला वाटते. नवा धंदा काढणारा माणूस पुढच्या दोन-तीन वर्षांवर स्वतःचे पैसे लावत असतो, म्हणून त्याच्या निर्णयात येणाऱ्या काळाविषयीचा अंदाज दडलेला असतो.

ही कल्पना माझी नाही. केंद्रीय आर्थिक पाहणी २०१९-२० मध्ये यावर एक प्रकरण आहे. त्यात कंपनी नोंदणीची आकडेवारी घेऊन असा निष्कर्ष काढला होता की, जिल्ह्यातील नव्या कंपन्यांच्या नोंदणीत १० टक्के वाढ झाली, तर जिल्ह्याच्या स्थूल उत्पादनात १.८ टक्के वाढ होते. देशात २०१४ साली सुमारे ७० हजार नव्या कंपन्या नोंदल्या गेल्या होत्या, त्या २०१८ साली सुमारे १ लाख २४ हजार झाल्या, असेही त्यात नमूद आहे. अमेरिकेत तर जनगणना विभाग मालकांनी करविभागाकडे केलेल्या ओळखक्रमांकाच्या अर्जांवरून अशी आकडेवारी नियमित प्रसिद्ध करतो. तिथे २०१९ मध्ये सुमारे ३५ लाख अर्ज आले होते आणि २०२१ मध्ये सुमारे ५४ लाख. साथीच्या काळात लोक नव्या वाटा शोधत आहेत, हे या आकड्यांतून इतर कोणत्याही पाहणीच्या आधी दिसले.

माझा प्रस्ताव असा आहे. उद्यम नोंदणी झालेल्या घटकांची यादी शासनाच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर आहे. तीत जिल्हा, पिनकोड, नोंदणीची तारीख आणि व्यवसायाचा संकेतांक मिळतो. त्यावरून कोल्हापूर जिल्ह्याचा तिमाही तक्ता तयार करावा, कोणाचेही नाव न देता. पण त्या तीन पाट्या पाहिल्यापासून मनात शंका आहे की मी जे मोजणार आहे, ते नेमके काय आहे? जाणकारांनी कृपया लिहावे.

पाचवी गल्ली, शाहूपुरी

मी गेली अनेक वर्षे करसल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे हे कागद माझ्याच टेबलावर तयार होतात. करवीरवासी, आपली शंका योग्य आहे. धंदा सुरू झाला म्हणून कोणी नोंदणी करत नाही. कोणी तरी कागद मागितला म्हणून नोंदणी होते. तो कोण मागतो, हे एकदा समजले की आकडे वाचता येतात.

प्रत्येक कागदाचे दार वेगळे आहे. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती विनामूल्य आहे, आधार आणि पॅनवर होते आणि स्वयंघोषणेवर चालते. एवढी सोपी गोष्ट असल्यामुळे ती करण्याचा खर्च शून्य आणि न करण्याचा तोटा मोठा. बँक कर्जाच्या अर्जासोबत उद्यम मागते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे पहिले अनुदानित कर्ज नव्याच घटकाला मिळते; म्हणून वडिलांचा चालता कारखाना असताना मुलाच्या नावाने नवा घटक उभा राहतो. आपण पाहिलेल्या शेडमध्ये असेच झाले असेल असे मी म्हणत नाही, पण अशा फायली मी स्वतः हाताळल्या आहेत आणि त्यात यंत्र खरोखर नवे आलेले असते. म्हणजे गुंतवणूक खरी असते, केवळ उद्योग नवा नसतो.

जीएसटीचे दार उलाढालीचे आहे. मालाच्या विक्रीसाठी आपल्या राज्यात १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा ४० लाख रुपये झाली, सेवांसाठी ती २० लाखच राहिली. तरीही वर्षाला पंधरा लाखांचे काम करणारा लेथवाला माझ्याकडे येतो आणि जीएसटी नंबर काढून मागतो, कारण त्याला काम देणारा मोठा कारखानदार नंबर नसलेल्याचे बिल घेत नाही. पलीकडे निपाणी-बेळगावला माल विकायचा म्हटला तरी नंबर लागतो, कारण परराज्यात माल विकणाऱ्याला ती मर्यादा लागू होत नाही.

शॉप ॲक्टची, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याची, तर गंमतच वेगळी आहे. २०१७ चा नवा कायदा त्या वर्षीच्या डिसेंबरपासून अमलात आला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे झाले. त्यामुळे जुन्या गुमास्ता परवान्यांचे आकडे आणि नंतरचे आकडे एका रांगेत मांडणे चुकीचे ठरेल. कंपन्यांचे म्हणाल, तर २०२० पासून नवी कंपनी नोंदवतानाच भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांचे क्रमांक आपोआप मिळतात, मग कामगार एकही नसो. त्यामुळे ‘भविष्य निर्वाह निधीकडे इतक्या नव्या आस्थापना नोंदल्या गेल्या’ असे वाचले की मी आधी थांबतो.

माझ्याच कार्यालयासाठी मी एकदा लहानसे कर्ज मागितले होते. बँकेने, तिचे नाव घेत नाही, उद्यम प्रमाणपत्राशिवाय फाईल पुढे सरकवली नाही. माझा व्यवसाय त्या वेळी कित्येक वर्षे जुना होता, पण यादीत मी त्या वर्षी जन्मलो.

फौंड्रीवाला, शिरोली

पाचवी गल्लीवाल्या साहेबांनी कागदाची बाजू मांडली, मी भट्टीची मांडतो.

आमच्या भागात वाढ होते ती बहुधा जुन्याच घटकांच्या आत होते. ऑर्डर वाढल्या की मालक नवी इंडक्शन फर्नेस (धातू वितळवणारी विजेची भट्टी) बसवतो, मोल्डिंगची दुसरी लाइन टाकतो, गोकुळ शिरगावला किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत दुसरा प्लॉट घेतो. यातून शंभर माणसांना काम मिळू शकते, पण उद्यमच्या यादीत एकही ओळ वाढत नाही, कारण एका उद्योगाला एकच उद्यम नोंदणी करता येते आणि सगळे प्लांट त्याच नोंदणीत दाखवायचे असतात. याउलट मंदी आली, की कामावरून कमी केलेला चांगला मशीनिस्ट जुनी लेथ घेऊन स्वतःचे जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम) सुरू करतो, आणि यादीत एक ओळ वाढते. म्हणजे काही वेळा नव्या उद्योगांचा आकडा वाढतो तो कामे वाढली म्हणून नव्हे, तर नोकऱ्या गेल्या म्हणून. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. उद्यमनगरातले कित्येक आजचे कारखानदार याच वाटेने वर आले आहेत. पण तो आकडा वाचणाऱ्याने कोणत्या काळात वाढ झाली आहे ते पाहिले पाहिजे.

दुसरी अडचण सीमेची. कागल ओलांडले की कर्नाटक. वीजदरावरून आमच्या भागातील उद्योजकांनी तिकडे जाण्याची भाषा पूर्वी अनेकदा केली आहे आणि काहींनी तिकडे जागा घेतल्याही आहेत. कोल्हापूरच्या माणसाने कोल्हापूरचे भांडवल घालून उभा केलेला कारखाना तिकडच्या जिल्ह्यात मोजला जाईल. आणि मुंबई-पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या कंपनीचा कागलमधील कारखाना, नोंदणी कार्यालयाच्या पत्त्यामुळे, आपल्या आकड्यात येणारच नाही. कोल्हापूरच्या कंपन्यांची नोंद पुण्याच्या कंपनी निबंधकांकडे होते, त्यामुळे तिथले एकूण आकडे घेऊनही उपयोग नाही. पत्ता पाहूनच जिल्हा वेगळा करावा लागेल.

मला विचाराल तर विजेची जोडणी हा अधिक प्रामाणिक आकडा आहे. कागद कोणाच्याही नावावर निघतो, पण औद्योगिक मीटरला अनामत भरावी लागते, भार मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मग महिन्याला स्थिर आकार येत राहतो. तो खर्च कोणी उगाच करत नाही. मंजूर भार वाढवून मागणाऱ्यांचे अर्ज मोजले, तर जुन्या कारखान्यांची वाढही त्यात दिसेल. हे महावितरणकडे माहितीच्या अधिकारात उपविभागवार मागता येईल.

इचलकरंजीचा यंत्रमागधारक

फौंड्रीवाले दादा, वीज मीटरचे आपण लिहिले ते मला पटले, पण आमच्या गावात त्यातही एक पेच आहे. यंत्रमागाला लघुदाब वीजदरात स्वतंत्र वर्गवारी आहे, त्यामुळे आकडा वेगळा काढता येईल, ही चांगली गोष्ट. पण कारखाना विकला जातो तेव्हा माग आणि शेड तेच राहतात आणि मालक बदलतो. नवा मालक मीटर आपल्या नावावर करून घेतो, उद्यम काढतो, जीएसटी काढतो. तीन ठिकाणी नवा उद्योग जन्माला आला. जुन्या मालकाने मात्र आपला उद्यम रद्द केलेला नसतो, कारण त्याची मुदत संपत नाही आणि रद्द करायला कोणी सांगत नाही. म्हणजे एका कारखान्याचे दोन झाले आणि गावात एकही माग वाढला नाही.

मागे साध्या मागांचे कारखाने भंगारात गेले, त्या काळात मी आमच्या गल्लीतून फिरायचो तेव्हा ट्रकमध्ये माग भरताना दिसत. त्याची नोंद कुठल्या यादीत झाली? जन्म मोजला जातो आणि मृत्यू मोजला जात नाही, अशा वहीवरून गावाची लोकसंख्या कशी सांगता येईल? नव्या उद्योगांचा तक्ता करायचा असेल, तर बंद पडलेल्यांचा रकाना त्याच्या शेजारी असलाच पाहिजे, नाही तर मंदीच्या वर्षीही तुमचा तक्ता वर चढताना दिसेल.

अजून एक. खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा, हा आमच्याकडचा सर्वांत मोठा वर्ग आहे. त्याच्या नोंदणीवर व्यापाऱ्याच्या मर्जीचा परिणाम होतो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांची देणी करारानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिली नाहीत, तर देणी थकवणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळणार नाही, ही आयकराची तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. हेतू आमच्या हिताचाच होता. पण माझ्या ओळखीतल्या एकाला त्याच्या व्यापाऱ्याने सरळ सांगितले, की उद्यम असेल तर काम देणार नाही. त्याने ते रद्द करून घेतले. त्याचे माग त्या दिवशीही चालू होते आणि आजही चालू आहेत.

चांदीनगरी हुपरी

थोडक्यात लिहिते. आमच्याकडे पैंजणांचे काम घराघरात होते. धडी उत्पादक (काम करवून घेणारा) चांदी देतो, एका घरात एक टप्पा होतो, मग माल दुसऱ्या घरी जातो. माझ्या घरी मी आणि जाऊबाई स्वयंपाक आटोपल्यावर कड्या जोडायला बसतो. आम्ही उद्योग आहोत की कामगार, हे आम्हालाही सांगता येणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये पॅन-जीएसटी नसलेल्या अतिसूक्ष्म घटकांसाठी ‘उद्यम असिस्ट’ सुरू झाले, तेव्हा बचत गटातल्या काही जणींची नोंद कर्जाच्या निमित्ताने झाली. काम मात्र सासूबाईंच्या काळापासून चालू आहे. आमची नोंद तुमच्या तक्त्यात ‘नवा उद्योग’ म्हणून धरू नका, पण आम्हाला वगळूही नका. वेगळा रकाना करा, एवढीच विनंती.

निवृत्त सांख्यिकी अधिकारी

ताईंची विनंती शास्त्रीयदृष्ट्या पूर्णपणे योग्य आहे, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. कालमालिकेला, म्हणजे काळानुसार मांडलेल्या आकड्यांना, सांधे असतात: मोजण्याची रीत जिथे बदलते त्या जागा. ते सांधे कुठे आहेत हे ठाऊक नसेल, तर सांध्यालाच आपण वाढ समजतो.

उद्यमच्या मालिकेत मला किमान चार सांधे दिसतात. पहिला म्हणजे सुरुवातीचा: २०१५ पासूनचे ‘उद्योग आधार’ असलेले सर्व घटक नव्या प्रणालीत पुन्हा नोंदले जात होते आणि जुन्या नोंदींची वैधता ३० जून २०२२ पर्यंत वाढवत नेली होती. त्यामुळे जुलै २०२० ते जून २०२२ या दोन वर्षांत ‘नवी’ दिसणारी नोंद बऱ्याच अंशी जुन्यांची पुनर्नोंद आहे. दुसरा सांधा जुलै २०२१ चा, तेव्हा किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना, प्राधान्यक्षेत्र कर्जापुरती का होईना, नोंदणी खुली झाली. लक्ष्मीपुरीतील दुकाने त्या महिन्यात उघडली नाहीत, यादीत मात्र त्यानंतर आली. तिसरा ताईंनी सांगितला तो. चौथा १ एप्रिल २०२५ चा, सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत १ कोटीवरून अडीच कोटी आणि उलाढालीत ५ कोटींवरून १० कोटी झाली. याने एकूण संख्या फार बदलणार नाही, पण सूक्ष्म आणि लघु यांचे प्रमाण बदलेल. म्हणून करवीरवासी यांनी आपली मालिका जुलै २०२२ च्या आधी सुरू करू नये आणि व्यापार व उत्पादन पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे.

आता ऋतुमानाविषयी. तिमाहीची तुलना लगतच्या तिमाहीशी करता येणार नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी-मार्चमध्ये बँकांची उद्दिष्टे पूर्ण होत असतात, हंगामात साखर कारखाने आणि गुऱ्हाळे चालू असतात, पावसाळ्यात गुऱ्हाळघर थंड असते. म्हणून आपण मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी तुलना करतो. पण आपल्याकडे तेही पुरेसे नाही. नवा धंदा लोक मुहूर्तावर काढतात, आणि मुहूर्त चांद्र पंचांगाने चालतो. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पितृपक्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालला आणि दसरा २४ ऑक्टोबरला आला. म्हणजे २०२२ चा संपूर्ण पितृपक्ष जुलै-सप्टेंबर तिमाहीत होता आणि २०२३ चा बहुतांश पितृपक्ष पुढच्या तिमाहीत गेला. अशा दोन तिमाहींची तुलना करून ‘सप्टेंबर तिमाहीत उत्साह दिसला’ असे कोणी लिहिले, तर त्याने पंचांग मोजले, अर्थव्यवस्था मोजली नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा हीच काळजी पुन्हा घ्यावी लागेल. सोपा उपाय म्हणजे सलग चार तिमाहींची चालती बेरीज घ्यावी. तिने इशारा थोडा उशिरा मिळतो, पण तो खोटा निघण्याची शक्यता बरीच कमी होते.

महापुराचाही विचार हवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी शहराचा मोठा भाग आणि शिरोळ तालुका पाण्याखाली होता. पुराच्या महिन्यातली घट आणि त्यानंतर मदत किंवा कर्ज मिळवण्यासाठी झालेल्या नोंदी, हे दोन्ही अर्थचक्राचे निदर्शक नाहीत.

आर्थिक पाहणीतल्या १.८ टक्क्यांचा उल्लेख झाला, त्याबद्दल एक सावधगिरी. तो निष्कर्ष कंपन्यांच्या नोंदणीवर आधारलेला आहे. आपल्या जिल्ह्यात प्रोप्रायटरी आणि पार्टनरशिपचे प्राबल्य आहे, त्यामुळे ते प्रमाण उद्यमच्या आकड्यांना जसेच्या तसे लावू नये. शिवाय भरभराटीच्या जिल्ह्यात कंपन्या अधिक निघतात हेही खरे असल्याने, कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे अवघड असते.

अमेरिकेच्या पद्धतीतून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथे सर्व अर्ज सारखे मानत नाहीत. ज्या अर्जात कामगार नेमण्याचा बेत किंवा पहिल्या पगाराची तारीख दिलेली असते, किंवा व्यवसायाचे स्वरूप असे असते की त्यातून पगारी कामगार असलेला उद्योग उभा राहण्याची शक्यता जास्त आहे, ते अर्ज वेगळे मोजतात. मग त्यांतील किती अर्जांचे पुढे खरोखर पगार देणारे उद्योग झाले, याचाही माग घेतात. आपल्याकडे नेमका हाच दुसरा टप्पा नाही. सहावी आर्थिक गणना २०१३-१४ मध्ये झाली. दारोदार जाऊन केलेली तेवढी सविस्तर मोजणी त्यानंतर आपल्या हाती आलेली नाही. असंघटित उद्योगांची वार्षिक पाहणी राज्याच्या पातळीवर उपयुक्त आहे, पण हुपरी आणि शिरोली यांतला फरक ती सांगू शकत नाही.

करवीरवासी

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त अधिकारी साहेबांचे पंचांगाविषयीचे विवेचन मी दोनदा वाचले. माझ्या पहिल्या कच्च्या तक्त्यात मी हीच चूक करून बसलो होतो.

तरीही मी प्रस्ताव मागे घेत नाही. वरील सर्व आक्षेप वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, संपूर्ण जिल्ह्याचा एकच आकडा काढणे निरर्थक आहे, पण अरुंद आणि एकजिनसी गट घेतला तर नोंदी बोलतात. समजा, मी फक्त धातूचे ओतकाम आणि मशीनिंग हे दोन संकेतांक घेतले, आणि फक्त शिरोली व गोकुळ शिरगाव हे दोन पिनकोड. कागद मागणारे तिथे गेली तीन वर्षे जवळपास तेच आहेत: तीच बँक, तेच मोठे कारखानदार, त्याच योजना. मागणारा बदलला नसेल आणि तरीही नोंदी वाढल्या किंवा घटल्या, तर तो बदल कागदाचा नसून कामाचा असण्याची शक्यता अधिक. पाचवी गल्लीवाल्या साहेबांनी ज्याला दार म्हटले, ते दार स्थिर धरून आत येणारी माणसे मोजायची, असा हा विचार आहे.

फौंड्रीवाले दादांचा मुद्दा, की मंदीतही नोंदी वाढतात, तो यातून सुटत नाही, हे मान्य. त्यासाठी त्याच भागातील मंजूर वीजभाराची वाढ शेजारी ठेवावी लागेल. नोंदी वाढल्या आणि भारही वाढला, तर विस्तार. नोंदी वाढल्या आणि भार तेवढाच राहिला, तर जुन्याच शेडमध्ये नव्या पाट्या.

ताराबाई पार्क

मी वकिली करते. उत्पादनाची चर्चा चालली आहे, पण सेवांकडेही पाहावे असे सुचवते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. त्यानंतर परिसरात टंकलेखन, झेरॉक्स, पक्षकारांसाठी राहण्या-जेवणाची सोय, बाहेरून येणाऱ्या वकिलांची भाड्याची कार्यालये, अशी कामे उभी राहताना मी रोज पाहते. ही वाढ खरी आहे, माणसांना काम मिळाले आहे. पण ती एका संस्थात्मक निर्णयामुळे आली, शेतीचे उत्पन्न किंवा कास्टिंगची मागणी वाढल्यामुळे नव्हे. सेवांचा रकाना करताना या तारखेवर एक खूण जरूर ठेवा.

पाचवी गल्ली, शाहूपुरी

इचलकरंजीकरांच्या बंद पडलेल्या उद्योगांच्या रकान्यासाठी एक वाट आहे. जीएसटी क्रमांक ठाऊक असेल, तर पोर्टलवर कोणालाही त्याची सद्यःस्थिती, नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रे भरली आहेत की नाहीत, हे पाहता येते. सहा महिने सलग विवरणपत्र न भरणाऱ्याची नोंदणी विभाग रद्द करू शकतो, त्यामुळे धंदा बंद पडल्याची खबर तिथे, थोडी उशिरा का होईना, पोहोचते. उद्यमच्या यादीत जीएसटी क्रमांक नसतो, हाच अडसर आहे. नावावरून जुळणी हाताने करावी लागेल. ‘श्री’, ‘न्यू’ आणि ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ यांच्या गर्दीत ते काम किचकट आहे, पण दोन पिनकोडांपुरते अशक्य नाही. मी त्यासाठी दर शनिवारी दोन तास देईन.

निवृत्त सांख्यिकी अधिकारी

मग एक नमुना पाहणीही करा. जुलै ते सप्टेंबर २०२२ या तिमाहीत त्या दोन पिनकोडांत या दोन संकेतांकांखाली नोंदलेले सर्व घटक घ्या, अनुक्रमांक द्या आणि यादृच्छिक पद्धतीने त्यांतील काही निवडून प्रत्यक्ष पत्त्यावर जा. ओळखीचे कारखाने आधी पाहण्याचा मोह टाळा. ओळखीचे असतात तेच टिकलेले असतात. सुटीच्या दिवशी जाऊ नका, कारण बंद शेड आणि बंद पडलेली शेड बाहेरून सारखीच दिसते. तिथे चारच गोष्टी नोंदवा: उद्योग चालू आहे का, नोंदणीच्या आधीपासून चालू होता का, त्याच जागेत दुसऱ्या नावाचा उद्योग आहे का आणि आज किती माणसे कामाला आहेत. या उत्तरांवरून शंभर नोंदींमागे खरे नवे उद्योग किती, याचे एक प्रमाण मिळेल. ते प्रमाण एकदा हाती आले, की पुढच्या तिमाहींचे आकडे वाचायला आधार येईल. ते दर दोन वर्षांनी पुन्हा तपासावे.

फौंड्रीवाला, शिरोली

शिरोलीत मी बरोबर येतो. अनोळखी माणूस वही घेऊन आला, तर आमची माणसे त्याला करखात्याचा समजून शटर ओढतील. मी सोबत असलो तर चहा देतील आणि खरे सांगतील.

साहेबांच्या चार प्रश्नांत एक पाचवा घाला: विजेचा मीटर कोणाच्या नावावर आहे आणि मंजूर भार किती अश्वशक्तीचा आहे. ते सांगायला कोणी कचरत नाही, आणि बिल बहुधा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले असते. वीजभाराचा माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही ठिकाणांसाठी लिहून देतो. करवीरवासी, आपण २०२२ च्या त्या तिमाहीची यादी काढून ठेवा, म्हणजे पुढच्या बुधवारी सकाळची पाळी सुरू झाली की निघता येईल.

करवीरवासी

यादी काढायला घेतली आहे. नावे आणि पत्ते फक्त आपल्या पाहणीपुरते वापरू, धाग्यावर येथे केवळ संख्या देऊ. हुपरीच्या ताईंनी सांगितलेला वेगळा रकाना आजच तक्त्यात घातला. बुधवारी साडेआठ वाजता शिरोली फाट्यावर भेटू.